भूछत्रांची पारख : एका नियमाच्या शोधाची गोष्ट

मृगाचा पाऊस चार-सहा दिवस नीट झाला की शाळेच्या आवारात, कुंपणाच्या कडेला, सडक्या ओंडक्यावर, बागेतल्या शेणखताच्या ढिगावर रातोरात छत्र्या उभ्या राहतात. मुले त्या उपटून वर्गात आणतात आणि शिक्षकांना दोन प्रश्न हमखास ऐकावे लागतात. ही काल नव्हती, मग आज कुठून आली? आणि ही विषारी आहे का?

दोन्ही प्रश्न निदान दोन हजार वर्षांचे आहेत. पहिल्याचे उत्तर अठराव्या शतकात मिळू लागले. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र माणसाचा एक हट्ट आडवा आला. विषारी भूछत्र ओळखण्याचा एकच सोपा नियम असला पाहिजे, आणि तो आपल्याला सापडला पाहिजे, असा हा हट्ट. त्यापायी माणसे मेली आहेत आणि अजूनही मरतात. म्हणून हा इतिहास शिक्षकांनी जरा सविस्तर माहीत करून घ्यावा असे मला वाटते.

गंजका खिळा आणि सापाचे बीळ

पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने आपल्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथात भूछत्रांचे सरळ दोन भाग केले : खाण्याजोगी आणि मारक. मारक का होतात? तर ती गंजक्या खिळ्यांजवळ, कुजक्या चिंध्यांजवळ, सापाच्या बिळाशेजारी किंवा विषारी फळांच्या झाडाखाली उगवतात म्हणून. त्याच शतकातल्या रोमच्या प्लिनीनेही जवळजवळ हेच लिहिले. भूछत्राला स्वतःचे असे विष नसते, आसपासचे विष ते शोषून घेते, अशी त्यामागची कल्पना होती. रोमन लोकांना या विषयात रस असण्याचे कारणही तसेच होते. सम्राट क्लॉडियस इसवी सन ५४ मध्ये वारला, तो त्याच्या ताटात वाढलेल्या विषारी अळंबीने, असे त्या काळचे इतिहासकार सांगतात. (आजचे अभ्यासक या विषप्रयोगाबद्दल एकमताने बोलत नाहीत, पण त्या काळच्या लोकांना ते सहज पटले, यातच सारे आले.)

गंजक्या खिळ्याला हसायला हरकत नाही. मात्र अळंबी जमिनीतून शिसे, कॅडमियम असे जड धातू खरोखरच शोषून साठवतात, हे आज मोजून सिद्ध झाले आहे. रहदारीच्या रस्त्याकडेची किंवा कारखान्यामागची अळंबी खाऊ नये ती यासाठीच. फक्त जिवावर बेतणारे विष खिळ्यातून येत नाही, ते भूछत्र स्वतः तयार करते. डायोस्कोरिडीसने जागा पाहायला सांगितले आणि भूछत्र पाहायचे राहून गेले.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत भाज्यांच्या वर्णनात अळंबीचे प्रकार आले आहेत. पेंढ्यावर येणारी, उसाच्या चोथ्यावर येणारी, शेणावर येणारी, बांबूवर येणारी आणि जमिनीतून येणारी, असे ते पाच प्रकार. इथेही वर्गीकरण जागेवरूनच आहे, पण ते अधिक शहाणपणाचे आहे. भूछत्र कशावर वाढते, म्हणजेच काय खाते, हा प्रश्न आजचा वैज्ञानिकही सर्वांत आधी विचारतो. मनुस्मृतीने मात्र छत्राक सरसकट निषिद्ध ठरवून टाकले. सुरक्षिततेचा विचार केला तर हाही एक नियमच, आणि कदाचित आजवरचा सर्वांत बिनधोक!

मराठी भाषेचे स्वतःचे एक वर्गीकरण आहे. खायची ती अळंबी, आणि बाकी सगळी कुत्र्याची छत्री. पण अळंबी खाणाऱ्या भागात ही विभागणी एवढी ढोबळ राहत नाही. विदर्भात सात्या आणि टेकोडे वेगळे असतात. गोव्यात रोयणीची, म्हणजे वारुळावरची अळमी तिच्या नावानेच विकली जाते. वारुळावरची ही अळंबी म्हणजे टर्मिटोमायसिस. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजे हाइम यांनी १९४२ साली हे नाव रूढ केले. वारुळाच्या पोटात वाळवी या बुरशीची शेती करते आणि पावसाळ्यात तिच्या छत्र्या वर येतात. तिचा देठ जमिनीत मुळासारखा लांबच लांब, थेट वाळवीच्या बागेपर्यंत गेलेला असतो. जाणकार बाई अळंबी तोडत नाही, हळूच देठासकट उपसते, आणि तो लांब देठ हीच तिची खात्रीची खूण असते. तिला ‘अळंबी’ ओळखता येते असे म्हणण्यापेक्षा ही एक अळंबी, या जागी, या दिवसांत ओळखता येते, असे म्हणणे जास्त बरोबर. पुढे याचे महत्त्व कळेल.

खरबुजाच्या फोडीवरची पेरणी

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. भूछत्राला फूल नाही, बी नाही, पान नाही. मग ते येते कुठून? कुजण्यातून आपोआप, पृथ्वीच्या ओलाव्यातून, विजेच्या कडकडाटातून, अशी उत्तरे शतकानुशतके दिली गेली. आपल्याकडेही ढग गडगडले की अळंबी वर येते असे सांगणारी माणसे भेटतात.

या अंधारात पहिला दिवा लावला तो एका बागेच्या माणसाने. पिएर अँटोनियो मिकेली (१६७९–१७३७) हा फ्लॉरेन्सचा. गरीब घरातला, जवळजवळ स्वतःच शिकलेला. तिथल्या वनस्पती उद्यानांत काम करता करता त्याने भिंगातून भूछत्रांच्या छत्रीखालचे पडदे तपासले. या पडद्यांना आपण कल्ले म्हणू. कल्ल्यांवर त्याला चार-चारच्या गटात बसलेले बारीक कण दिसले. हेच याचे बी असणार, असे त्याने ठरवले. पण नुसते ठरवून तो थांबला नाही. वेगवेगळ्या बुरशींचे कण घेऊन ते त्याने ताज्या कापलेल्या खरबुजाच्या आणि इतर फळांच्या फोडींवर पेरले. ज्या बुरशीचे कण पेरले तीच बुरशी उगवली. त्या बुरशीचे कण पुन्हा नव्या फोडीवर पेरले, पुन्हा तीच आली. काही फोडींवर न पेरलेल्या बुरशीही उगवल्या. कच्चा माणूस असता तर त्या लपवल्या असत्या. मिकेलीने त्यांची नोंद केली आणि हे कण हवेतूनही येत असले पाहिजेत असे अनुमान काढले.

हे सारे १७२९ साली त्याच्या ‘नोव्हा प्लँटारम जेनेरा’ या ग्रंथात छापले गेले. ग्रंथातल्या शंभरावर चित्रपानांचा खर्च वर्गणीदारांकडून उभा करावा लागला, आणि प्रत्येक चित्रपानावर त्याच्या आश्रयदात्याचे नाव आहे. ॲस्परजिलस हे आज प्रत्येक जीवशास्त्राच्या पुस्तकात असलेले नाव मिकेलीचेच. चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायचे जे साधन असते त्यासारखी ही बुरशी त्याला दिसली. पाश्चरच्या प्रसिद्ध प्रयोगांच्या सव्वाशे वर्षांहून अधिक आधी एका माळीकाम जाणणाऱ्या माणसाने ‘बुरशी बुरशीपासूनच येते’ हे दाखवून दिले होते. तरी ते लोकांना पटायला फार वेळ लागला. खुद्द लिनियसचा भूछत्रांच्या बाबतीत इतका गोंधळ होता की १७६७ च्या आपल्या ‘सिस्टिमा नॅचुरी’च्या आवृत्तीत त्याने बुरशीच्या बीजाणूंना ‘केऑस फंगोरम’, म्हणजे बुरशींचा गोंधळ, असे नाव देऊन प्राण्यांच्या यादीत घातले. बीजाणू पाण्यात पडले की त्यांचे बारीक किडे होतात, असे कोणीतरी त्याला पटवून दिले होते.

मग छत्री रातोरात कशी येते? खरी बुरशी जमिनीखाली असते. तंतूंचे एक जाळे माती, लाकूड, पाने यांत वर्षानुवर्षे पसरत असते. छत्री हे त्याचे फळ. बारीक रूपात ती आधीच तयार होऊन बसलेली असते, पाऊस पडला की पाणी शोषून फुगते, एवढेच. हिरवळीवर कधी कधी भूछत्रे अगदी गोल रिंगणात उगवतात. युरोपात त्याला पऱ्यांच्या नाचाची जागा म्हणत. १८०७ साली विल्यम हाइड वोलास्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने त्याचा उलगडा केला. जाळे मधून बाहेर पसरत जाते, आतले अन्न संपते, आणि फळे फक्त वाढत्या कडेवर येतात. मुलांना हे रिंगण दाखवता आले तर जमिनीखालचे अदृश्य जाळे त्यांना एका क्षणात समजते.

बीजाणूंचा रंग

एकदा बीजाणू हे बी आहे असे कळल्यावर भूछत्रांची ओळख पटवण्याची खरी किल्ली हाती आली. ती फिरवली स्वीडनच्या एलियास फ्रीसने (१७९४–१८७८). बारा वर्षांचा असताना आईबरोबर रानात बोरांसारखी फळे वेचायला गेला असता त्याला पोवळ्यासारखी फांद्या फुटलेली एक पांढरीशुभ्र बुरशी सापडली आणि पोरगा जन्मभर या विषयात अडकला. १८२१ ते १८३२ या काळात त्याने ‘सिस्टिमा मायकोलॉजिकम’ हा ग्रंथ लिहिला. त्यात कल्ले असलेल्या भूछत्रांची मोठी विभागणी त्याने बीजाणूंच्या रंगावरून केली : पांढरे, गुलाबी, तपकिरी, जांभळट, काळे. छत्रीचा रंग पावसाने, उन्हाने, वयाने बदलतो. बीजाणूंचा रंग सहसा बदलत नाही. आज आपण जनुकांवरून वर्गीकरण करतो आणि फ्रीसचे अनेक गट मोडीत निघाले आहेत, पण रानात हातात भूछत्र घेऊन उभ्या असलेल्या माणसाला फ्रीसची खूण अजूनही सोडता येत नाही.

हा रंग पाहण्याची रीत शाळेत करून पाहावी. पूर्ण उमललेली छत्री देठापासून वेगळी करून, कल्ले खाली येतील अशी, अर्ध्या पांढऱ्या आणि अर्ध्या काळ्या कागदावर ठेवा. वर काचेचा पेला पालथा घाला. सकाळी पेला आणि छत्री अलगद उचला. कागदावर कल्ल्यांच्या रेघांसकट बीजाणूंचा ठसा उमटलेला असतो. अर्धा कागद काळा अशासाठी की पांढरे बीजाणू पांढऱ्यावर दिसत नाहीत. नुसत्या स्पर्शाने या विषांची बाधा होत नाही, तरी हात साबणाने धुवावेत, तोंडात काही घालू नये, आणि पेले पुन्हा पाणी प्यायला वापरू नयेत.

पावसाळ्यात हिरवळीवर आणि मैदानांत पांढऱ्या, मध्यभागी तपकिरी खवले असलेल्या, ताटलीएवढ्या मोठ्या छत्र्या येतात. दिसायला अगदी खाण्याजोग्या. त्यांचा ठसा घेतला तर तो मळकट हिरवा येतो. हे क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. उष्ण प्रदेशांत सर्वत्र आढळते आणि खाल्ले तर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाबांनी माणसाला आडवे करते. कोवळेपणी मात्र त्याचे कल्ले पांढरेच असतात, म्हणून नुसत्या डोळ्यांनी पाहणारा फसतो. हिरवा ठसा हे एक ठळक उदाहरण झाले. पण ‘हिरवा ठसा तो विषारी, बाकी सगळे चांगले’ असा नियम लगेच करू नका! सर्वांत घातक भूछत्राचा ठसा पांढरा येतो.

डेथ कॅप

त्या भूछत्राचे नाव अमानिता फॅलॉइडिस. इंग्रजीत डेथ कॅप. मूळचे युरोपातले. फिकट हिरवट-पिवळसर, गुळगुळीत छत्री, पांढरे कल्ले, देठावर झालरीसारखे कडे, आणि देठाच्या बुडाशी, बहुधा मातीत लपलेली, एक पांढरी पिशवी. जगात भूछत्रांनी होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुसंख्य मृत्यू याच्या आणि याच्या जवळच्या नातेवाइकांच्या नावावर आहेत.

लोकांत रूढ असलेला प्रत्येक सोपा नियम या भूछत्राला लावून पाहा. चांदीचा चमचा काळा पडतो तर विषारी? चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांनी. डेथ कॅपच्या रश्श्यात चमचा चकचकीत राहतो. कांदा-लसूण किंवा भात रंग बदलतो? त्याचेही तेच. साल सोलता आली तर चांगले? डेथ कॅपची साल छान सोलता येते. किड्यांनी, गोगलगायींनी खाल्ले असेल तर आपणही खावे? गोगलगायी ते आवडीने खातात. चव कडू लागली तर थुंकावे? वाचलेल्या लोकांनी सांगितले आहे की चव उत्तम होती. उकळून पाणी ओतून द्यावे, वाळवावे, मीठ-व्हिनेगर लावावे? विष जसेच्या तसे राहते. ससे हे भूछत्र खाऊन पचवतात असे मानले जाई. त्यावरून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये रुग्णाला सशाचे कच्चे जठर आणि मेंदू खाऊ घालण्याचा उपायही सुचवला गेला होता. रुग्णाचे आधीच हाल, त्यात ही भर!

विषाचे स्वरूप कळले ते म्युनिकमध्ये. हाइनरिश वीलांड यांच्या प्रयोगशाळेत १९३७ साली फिओडोर ल्युनेन आणि उलरिश वीलांड यांनी या भूछत्रातून फॅलॉइडिन हे स्फटिकरूप विष वेगळे केले. पण ते आतड्यातून फारसे शोषले जात नाही असे पुढे लक्षात आले. खरा मारेकरी निघाला अमानिटिन, जो १९४१ मध्ये वेगळा करण्यात आला. तो काय करतो हे कळायला आणखी तीस वर्षे लागली. पेशीत डीएनएवरून संदेशक आरएनए लिहून काढणारे एक विकर असते, आरएनए पॉलिमरेज २. अमानिटिन त्याला चिकटून त्याची लेखणीच अडकवून ठेवतो. संदेश नाही म्हणजे नवी प्रथिने नाहीत. यकृताच्या पेशी हा माल सतत बनवत असतात, म्हणून त्या सर्वांत आधी मरतात. हेच विष आज पेशीजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत आरएनए पॉलिमरेज २ बंद करण्याचे साधन म्हणून वापरले जाते.

या कार्यपद्धतीतच रोगाची फसवी चाल दडलेली आहे, आणि ती प्रत्येक शिक्षकाला माहीत असायला हवी. खाल्ल्यानंतर सहा ते बारा तास, कधी चोवीस तासही, काहीच होत नाही. मग तीव्र उलट्या आणि जुलाब. एक-दीड दिवसाने ते थांबतात, रुग्णाला बरे वाटते, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. त्याच वेळी आत यकृत नष्ट होत असते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, रक्तस्राव, बेशुद्धी. म्हणून रानातले भूछत्र खाण्यात आल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, उरलेले भूछत्र किंवा शिजवलेली भाजी बरोबर न्यावी, आणि मधल्या ‘बरे वाटण्या’वर विश्वास ठेवून घरी परतू नये.

हे दूरच्या देशांचे दुखणे आहे असे समजू नका. एप्रिल २०२२ मध्ये आसामच्या दिब्रुगड, तिनसुकिया, शिवसागर, चराइदेव या भागांत रानातली अळंबी खाऊन १३ माणसे दगावली. त्यात बहुतेक चहाच्या मळ्यांतली गरीब कुटुंबे होती. २००८ सालीही त्याच राज्यात असेच मृत्यू झाले होते.

आणि आता त्या वारुळावरच्या अळंबीवाल्या बाईची आठवण ठेवून पुढची घटना वाचा. ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा शहरात २०११ च्या अखेरच्या रात्री एका चिनी आचाऱ्याने बाहेर उगवलेली अळंबी आणून मित्रांसाठी शिजवली. जानेवारी २०१२ मध्ये दोघांचा मृत्यू झाला. त्यांना ती पेंढ्यावरची अळंबी वाटली असावी, असे मानले जाते. दक्षिण आणि पूर्व आशियात ही अळंबी भाताच्या पेंढ्यावर मुद्दाम पिकवतात. तिच्याही बुडाशी पिशवी असते, आणि कोवळेपणी दोन्ही पांढऱ्या अंड्यासारख्या दिसतात. ठसा घेतला तर फरक लगेच कळतो : पेंढ्यावरच्या अळंबीचा ठसा गुलाबी, डेथ कॅपचा पांढरा. पण अंड्याच्या अवस्थेत ठसा घेताच येत नाही, आणि नेमक्या त्याच अवस्थेत ही अळंबी खायला आवडते. त्या लोकांची परंपरागत ओळख खरी होती. फक्त ती त्यांच्या गावची होती.

झाडाची दूधआई

पण युरोपातले डेथ कॅप ऑस्ट्रेलियाच्या शहरात पोहोचले कसे? या प्रश्नाचे उत्तर बागेत आहे, आणि त्यासाठी १८८५ सालच्या बर्लिनला जावे लागेल.

युरोपात ट्रफल नावाची एक बुरशी सोन्याच्या भावाने विकली जाते. ती झाडांच्या मुळांशी जमिनीखाली वाढते. प्रशियाच्या कृषी खात्याला वाटले की आपल्याकडेही तिची लागवड करावी. त्यांनी आल्बर्ट बेर्नहार्ड फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे काम सोपवले. फ्रांक मुळे खणत सुटला आणि त्याला ट्रफलपेक्षा मोठी गोष्ट सापडली. ओक, बीच, हॉर्नबीम, चेस्टनट या झाडांची बारीक मुळे बुरशीच्या तंतूंच्या मोज्यात पूर्ण गुंडाळलेली होती. मुळाचा मातीशी थेट संबंधच नव्हता. आणि ही सारी झाडे ठणठणीत होती! म्हणजे हा रोग नव्हे. फ्रांकने या जोडीला मायकोरायझा, म्हणजे बुरशीमूळ, असे नाव दिले आणि या बुरशीला झाडाची दूधआई म्हटले. ती झाडाला पाणी आणि खनिजे पुरवते, असे त्याचे म्हणणे.

त्या काळी बुरशी म्हणजे रोग, हे समीकरण पक्के होते. बटाट्याच्या करप्याने आयर्लंडमध्ये झालेला दुष्काळ लोकांच्या आठवणीत होता. (तो करपा पाडणारा जीव खऱ्या अर्थाने बुरशी नाही हे पुढे कळले.) फ्रांकवर टीकेची झोड उठली. त्याने पाइनची रोपे तापवून निर्जंतुक केलेल्या मातीत आणि साध्या मातीत लावून दाखवली. साध्या मातीतली जोमाने वाढली. टीकाकार म्हणाले, तापवल्याने मातीच बदलली असेल. आक्षेप योग्य होता, आणि वाद अनेक दशके चालला. किरणोत्सारी मूलद्रव्ये वापरून बुरशीतून झाडात फॉस्फरस आणि झाडातून बुरशीत साखर जाताना १९५० च्या दशकात दिसली तेव्हा तो मिटला. प्रशियाला ट्रफल मिळाले नाहीत ते नाहीतच.

व्यवहारात मात्र बागवानांना आणि वनखात्यांना याचा अनुभव आधीच येत होता. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९२० च्या दशकात आणि पोर्तो रिकोत त्यानंतर, परदेशी पाइनची रोपे पिवळी पडून खुरटत होती. जुन्या पाइनच्या वनातली मूठभर माती आणून घातली की ती सुधारत. मातीतून बुरशी येत होती.

आपल्या भाजीच्या वाफ्यात मायकोरायझाचा दुसरा प्रकार असतो. तिथे छत्र्या येत नाहीत. बुरशी मुळाच्या पेशींत शिरून झुडपासारख्या फांद्या फोडते. इंग्लंडमध्ये बार्बरा मॉस यांनी १९५० च्या दशकात स्ट्रॉबेरी आणि सफरचंदाच्या मुळांवर काम करून तिचा अभ्यास उभा केला. ही भागीदारी ४० कोटी वर्षांपूर्वीच्या, स्कॉटलंडमध्ये सापडलेल्या जीवाश्म वनस्पतींतही दिसते. फॉस्फेट मातीत जवळजवळ हलत नाही. मूळ आपल्या अगदी जवळचे फॉस्फेट संपवते आणि मग उपाशी राहते. बुरशीचे तंतू त्या उपाशी पट्ट्याच्या पलीकडे कित्येक सेंटिमीटर पोहोचतात. मका, टोमॅटो, मिरची, कांदा यांना याचा फायदा होतो. मोहरी, कोबी, मुळा यांच्या कुळाला मात्र ही बुरशी सहसा लागत नाही. बाजारातून ‘मायकोरायझा पावडर’ आणून मुळ्याच्या वाफ्यात घालणाऱ्याने हे लक्षात घ्यावे. आणि फॉस्फेट खत भरपूर घातले तर रोप स्वतःच ही भागीदारी कमी करते.

अलीकडे झाडे या जाळ्यातून एकमेकांशी ‘बोलतात’, आई झाड पिलांना जेवू घालते, अशा गोष्टी फार लोकप्रिय झाल्या आहेत. १९९७ साली एका झाडातून दुसऱ्यात कार्बन जातो असे दाखवणारा प्रयोग प्रसिद्ध झाला, तिथून याची सुरुवात. २०२३ मध्ये या क्षेत्रातल्याच तीन संशोधकांनी सारा पुरावा तपासून, तो लोकप्रिय दाव्यांना पुरत नाही, असे स्पष्ट लिहिले. मुलांना गोष्ट जरूर सांगावी, पण पुरावा जेवढा तेवढीच.

तर, डेथ कॅप. तेही ओकसारख्या झाडांची दूधआईच आहे! युरोपातून कोणी बागेसाठी ओकची रोपे मुळांवरच्या मातीसकट नेली तेव्हा हे भूछत्रही मुळांवर बसून गेले. कॅलिफोर्नियात त्याची सर्वांत जुनी खात्रीची नोंद १९३८ सालची, माँटेरे शहरातल्या एका हॉटेलच्या बागेतली आहे. आज ते तिथल्या मूळच्या ओकवनांतही शिरले आहे. कॅनबेरात ते रस्त्यांवर आणि उद्यानांत लावलेल्या युरोपीय ओकखाली येते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या शहरांत ते शोभेच्या झाडांखाली येते, आणि २०१६ मध्ये तिथे व्हिक्टोरिया शहरात एका तीन वर्षांच्या मुलाचा त्याने बळी घेतला.

मुळांबरोबर बुरशीने प्रवास करण्याची खूण आपल्याकडेही पाहता येते. शाळेजवळ नीलगिरीची जुनी लागवड असेल तर पावसाळ्यात तिच्या बुडाशी मातीच्या रंगाचे, मुठीएवढे टणक गोळे वर आलेले पाहा. बहुधा ते पिसोलिथस असेल, ऑस्ट्रेलियातल्या नीलगिरीचा सोबती, जो तिच्याबरोबर अनेक देशांत पोहोचला आहे. गोळा सुरीने उभा कापला तर आत काळ्या गरात वाटाण्याएवढ्या पिवळसर गोळ्या बसलेल्या दिसतात. त्या वरच्या टोकाला आधी पिकून त्यांची तपकिरी भुकटी होते. ती भुकटी म्हणजे बीजाणू. ती नाकात जाऊ न देता थोडी कागदावर घ्या, शेजारी तारीख, झाडाचे नाव आणि मातीचा प्रकार लिहा. आणि जमले तर गोळ्याखालची माती हलक्या हाताने उकरून नीलगिरीच्या केसासारख्या मुळांवर चढलेला मोजा भिंगातून पाहा.